इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांच्या चुका

मागच्या व्याख्यानानंतर आपल्यापैकी एका श्रोत्यांनी आम्हांला एक यादी पाठवली. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे असे लोक इंटरनेटवर लिहिताना व्याकरणाच्या कोणत्या चुका वारंवार करतात, त्याची ती यादी. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली होती: ‘सर, जन्मभर ज्यांच्या भाषेला घाबरलो, त्यांनाच ती धड येत नाही हे पाहून बरं वाटलं.’

आम्ही हसलो. खरं सांगायचं तर आम्हांलाही बरं वाटलं. आमच्या पिढीतली मराठी माध्यमाची मुलं इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून आणि पुढे रेन अँड मार्टिनमधून. इंग्रजी बोलणारा माणूस प्रत्यक्ष ऐकण्याच्या कितीतरी आधी आम्ही त्या भाषेचे नियम आणि त्या नियमांचे अपवाद पाठ केले होते. चुकलं की हातावर छडी बसायची. त्यामुळे ज्यांच्या भाषेपायी छड्या खाल्ल्या ते स्वतःच चुकताना दिसले, की मनाला एक गुदगुली होतेच.

पण दोन दिवसांनी ती यादी पुन्हा वाचली, तेव्हा वाटलं की हे ‘बरं वाटणं’च जरा तपासून पाहावं. आजचं व्याख्यान त्यासाठी आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा याद्यांमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या असतात. पहिल्या प्रकारच्या खऱ्याच चुका असतात, पण त्या व्याकरणाच्या नसतात, लेखनाच्या असतात. दुसऱ्या प्रकारात चूक नसतेच. कोणा एका विद्वानाची आवडनिवड पुढे नियम म्हणून बसलेली असते. तिसऱ्या प्रकारात व्याकरण असतं आणि ते काटेकोर पाळलेलंही असतं, फक्त ते दुसऱ्या बोलीचं असतं. या तिन्हींना ‘चूक’ हा एकच शब्द लावला की कोणाचं तरी नुकसान होतं. यादी करणाऱ्याचं ते होत नाही, म्हणून त्याच्या लक्षात येत नाही.

पहिला प्रकार घेऊ. यादीत सर्वांत वर ‘युअर’ होतं. वाय-ओ-यू-आर असं लिहिलं तर ‘तुझं’. वाय-ओ-यू, मग अपॉस्ट्रॉफी, मग आर-ई असं लिहिलं तर ‘तू आहेस’. अमेरिकन किंवा इंग्रज माणूस ‘तू चुकतोयस’ असं दुसऱ्याला सुनावताना नेमकं ‘तुझं चुकतोयस’ असं लिहून बसतो. मग ‘देअर’ शब्दाची तीन स्पेलिंगं: एक ‘तिथे’, एक ‘त्यांचं’, एक ‘ते आहेत’. मग ‘इट्स’. आणि मग आमच्या श्रोत्यांना सगळ्यांत जास्त धक्का देऊन गेलेलं ‘कुड ऑव्ह’. म्हणजे ‘कुड हॅव’ लिहायचं तिथे ओ-एफ.

आता या चुका बारकाईनं पाहा. या सगळ्या कानाच्या चुका आहेत. ‘कुड हॅव’ भराभर बोलताना ‘कुडव्ह’ होतं, आणि त्यातला शेवटचा तुकडा व जोर न देता उच्चारलेला ‘ऑव्ह’ यांचा आवाज एकच असतो. ज्या मुलानं ही रचना तीन वर्षांचं असताना आईच्या तोंडून ऐकली, शेकडो वेळा स्वतः बिनचूक वापरली, आणि मग कितीतरी उशिरा ती कागदावर पाहिली, त्याची बोटं कानाचं ऐकतात. त्याला रचना येत नाही असं नाही. ‘करता आलं असतं’ हा अर्थ तो अचूक योजतो. फक्त त्या आवाजासाठी लिपीनं ठरवलेलं रूप त्याच्या बोटांतून निसटतं.

आपण मराठी माणसं ‘कुड ऑव्ह’ कधीच लिहीत नाही. यात आपलं कौतुक काही नाही. आपण ते तक्त्यात आधी पाहिलं आणि नंतर ऐकलं, एवढंच. आपल्या चुका वेगळ्या असतात. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आपलं. ‘द’ कुठे घालावा आणि कुठे घालू नये, इथे आपण पन्नास वर्षांनंतरही अडखळतो. लंडनमधलं चार वर्षांचं पोर तिथे अडखळत नाही. लाल रंगाचा मोठा चेंडू असेल तर ते पोर ‘बिग रेड बॉल’ म्हणतं, ‘रेड बिग बॉल’ म्हणत नाही. विशेषणांच्या या क्रमाचा नियम विचारला तर त्याच्या आईवडिलांनाही सांगता येणार नाही.

गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानं १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं एक भेद मांडला, तो इथे फार उपयोगी पडतो. एखादी गोष्ट करता येणं हे एक ज्ञान, आणि त्या गोष्टीविषयी माहिती असणं हे दुसरं ज्ञान. पोहता येणं वेगळं आणि पोहण्याचे नियम सांगता येणं वेगळं. काठावर उभं राहून नियम सांगणारा माणूस पाण्यातल्या माणसाला ‘तुला पोहता येत नाही’ असं म्हणू लागला, तर आपण हसू. आपल्या श्रोत्यांच्या यादीत थोडंसं तसंच झालं आहे. मायबोलीवाल्याकडे पहिलं ज्ञान आहे, आपल्याकडे दुसरं, आणि आपण दुसऱ्याच्या मापानं पहिलं मोजतो आहोत.

१९६७ साली पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात असाच एक भेद सुचवला. जिभेची किंवा हाताची घसरण ही एक गोष्ट, आणि ज्ञानातली उणीव ही दुसरी. घसरलेल्या माणसाला दाखवून दिलं की तो लगेच दुरुस्त करतो. उणीव असलेल्याला दाखवूनही कळत नाही, त्याला शिकवावं लागतं. इंटरनेटवरच्या ‘युअर’-‘इट्स’च्या बऱ्याचशा चुका पहिल्या जातीच्या असतात. ज्यांना नियम पक्का ठाऊक आहे ते प्राध्यापकही घाईत ‘देअर’चं भलतं स्पेलिंग टाइप करून जातात.

‘इट्स’चं तर आणखीच गमतीचं. ‘त्याचं’ या अर्थाचं ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफीविना लिहायचं आणि ‘ते आहे’ या अर्थाचं अपॉस्ट्रॉफीसह लिहायचं, असा आजचा नियम आहे. दुसऱ्या कोणत्याही नामाला मालकी दाखवायची तर अपॉस्ट्रॉफी लागतो: रामचं पुस्तक, राजाचा घोडा. मग ‘इट’नंच काय पाप केलं? तर्कानं चालणारा माणूस इथे चुकणारच. मुळात ‘इट्स’ हा शब्दच इंग्रजीत उशिरा आला. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तो नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकांची पहिली मोठी आवृत्ती १६२३ साली निघाली, तिच्यात हा मालकीदर्शक शब्द बहुतेक ठिकाणी अपॉस्ट्रॉफीसहच छापलेला आहे. आणि १७८७ सालची अमेरिकेची राज्यघटना काढून पाहा. पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या विभागात राज्यांच्या तपासणीविषयक कायद्यांचा उल्लेख आहे, तिथे ‘त्याचे’ या अर्थी ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफी घालून लिहिलंय. आज शाळेतल्या मुलानं तसं लिहिलं तर बाई लाल शाईनं गोल करतील.

म्हणजे ही चूक नाही, असं आमचं म्हणणं आहे का? नाही. आज तो संकेत ठरलेला आहे आणि तो मोडणं ही चूकच आहे. पण ती रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालण्यासारख्या संकेतातली चूक आहे. तिच्यावरून माणसाची बुद्धी मोजता येत नाही.

आता दुसरा प्रकार. यादीत चार-पाच नोंदी अशा होत्या: वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय, म्हणजे प्रिपोझिशन, ठेवणं, मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ऐवजी ‘लेस’ म्हणणं, एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरणं.

यांतला पहिला नियम कुठून आला हे सांगता येतं. १६७२ साली कवी जॉन ड्रायडन यानं आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या लेखनावर टीका करताना वाक्याच्या शेवटी येणाऱ्या प्रिपोझिशनला दोष म्हटलं. हा दोष आपल्या लिखाणातही सापडतो, हे त्यानं कबूल केलं, आणि पुढे स्वतःच्या एका जुन्या निबंधाच्या नव्या आवृत्तीत अशी वाक्यं बदलली. इंग्रज माणसं त्याआधी शेकडो वर्षं तसं बोलत होती, नंतरही बोलत राहिली. ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चंही तसंच. १७७० साली रॉबर्ट बेकर यानं आपल्या पुस्तकात सुचवलं की अमुक ठिकाणी ‘फ्यूअर’ बरं वाटेल. त्यानं आवड म्हणून सांगितलं. पुढच्यांनी ती आज्ञा केली. २००८ साली टेस्को या ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानसाखळीनं ‘दहा किंवा कमी वस्तू’ या पाटीतला ‘लेस’वरून चाललेला वाद मिटवण्यासाठी पाटीच बदलली आणि ‘दहा वस्तूंपर्यंत’ असं लिहिलं. बेकरसाहेबांच्या आवडीनं २३८ वर्षांनी पाट्या हलवल्या! ‘दे’ तर एकवचनी अर्थानं चौदाव्या शतकापासून वापरात आहे.

या परंपरेतलं सर्वांत वजनदार नाव रॉबर्ट लाउथ. हे पुढे लंडनचे बिशप झाले. १७६२ साली त्यांनी इंग्रजीचं छोटेखानी व्याकरण लिहिलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या शाळांत चाललं. त्यात त्यांनी चुकांचे नमुने कोणाचे दिले? शेक्सपिअर, मिल्टन, पोप, स्विफ्ट आणि बायबलचं भाषांतर. मायबोलीवाल्यांच्या चुकांची सर्वांत प्रभावी यादी त्या भाषेतल्या थोर लेखकांच्या वाक्यांवरून तयार झाली आहे! इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडलाच पाहिजे. भाषेतली उत्तमोत्तम मंडळी एखादा ‘नियम’ सर्रास मोडत असतील, तर तो नियम त्या भाषेचा आहे, असं कशावरून म्हणायचं? भाषेचा नियम भाषा वापरणाऱ्यांच्या व्यवहारातच सापडायला हवा. दुसरीकडे तो राहतो कुठे?

शिवाय या दुरुस्त्या नव्या चुका जन्माला घालतात, हे दुरुस्त करणारे विसरतात. पोर म्हणतं, ‘मी अँड जॉन वेंट’. आई टोकते: ‘जॉन अँड आय’ म्हण. पोराला वाटतं की ‘मी’ हा शब्दच असभ्य दिसतो. मग ते मोठेपणी जिथे ‘मी’च हवं तिथेही ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणतं. हीच रचना शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रात आहे, तेव्हा तिचं सगळं खापर आजच्या शाळेवर फोडता येणार नाही. पण आज ती ऐकू येते ती बहुतेक वेळा सुशिक्षित, जपून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी. ज्याला कोणी टोकलंच नाही, तो ही चूक करत नाही.

आता तिसरा प्रकार. आमच्या दृष्टीनं खरा प्रश्न इथेच आहे.

यादीत एक नोंद होती: ‘ही बी वर्किंग’. शेजारी श्रोत्यांनी तीन उद्गारचिन्हं दिली होती. ‘ही इज वर्किंग’ म्हणायला हवं, हे तर पाचवीतल्या मुलाला कळतं! आता ऐका. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत ‘ही वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतोय. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो काम करत असतो, नेहमी, एरवी. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायची गरजच नाही. ‘तो करतोय’ आणि ‘तो करत असतो’ यांत आपण कधी गल्लत करतो का? प्रमाण इंग्रजीला हा भेद क्रियापदाच्या रूपात इतका सरळ दाखवता येत नाही. या बोलीला येतो. आणि या बोलीलाही स्वतःच्या चुका आहेत. ‘तो ह्या क्षणी काम करतोय’ या अर्थानं कोणी ‘बी’ वापरला, तर ती बोली बोलणारा माणूस म्हणेल, असं नाही म्हणत. जिथे चुकता येतं तिथे नियम असतो. विट्गेन्श्टाइनचा विचार इथे आठवावा. मी नियम पाळतोय असं मला वाटणं म्हणजे नियम पाळणं नव्हे. नियम पाळणं ही समाजाची रीत असते. एकटा माणूस भाषेत चुकू शकतो. पण एक सबंध समाज पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची बोली चुकीची बोलतोय, या वाक्याला अर्थ काय उरतो?

त्याच बोलीतल्या ‘आस्क’ऐवजी ‘अ‍ॅक्स’ म्हणण्याची किती टिंगल होते! ते रूप जुन्या इंग्रजीपासून चालत आलं आहे, आणि चौदाव्या शतकात चॉसरनं ते बिनदिक्कत वापरलं आहे. तेव्हा ते कवीचं होतं, आता ते गरिबाचं आहे, म्हणून ती चूक.

आपण म्हणाल, टिंगलीनं काय होतं? मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात काय झालं ते सांगतो. तिथल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या प्राथमिक शाळेत काही गरीब कृष्णवर्णीय मुलं वाचनात मागे पडत होती. त्यांच्यापैकी काहींना शिकण्याची क्षमताच कमी, असे शिक्के बसले. पालक न्यायालयात गेले. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला, की मुलांची घरची भाषा शिक्षकांनी लक्षात घेतली नाही, आणि ती घेऊन वाचन शिकवण्याची व्यवस्था शाळाप्रशासनानं करायला हवी. म्हणजे ज्या गोष्टीला शाळा मुलाच्या डोक्यातली उणीव समजत होती, ती त्या मुलाच्या घरची भाषा होती.

आणि हे शाळेपुरतं राहत नाही. २०१३ साली फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाच्या मृत्यूचा खटला चालला. मृत्यूच्या थोडं आधी त्याच्याशी फोनवर बोलत असलेली त्याची मैत्रीण ही सरकारी पक्षाची कळीची साक्षीदार होती. ती सुमारे सहा तास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होती. ती आपल्या बोलीत बोलली. जॉन रिकफर्ड आणि शरीस किंग या भाषाशास्त्रज्ञांनी २०१६ साली त्या साक्षीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचं बोलणं त्या बोलीच्या नियमांना धरून होतं, पण ज्यूरीला ते नीट कळलं नाही आणि विश्वासार्हही वाटलं नाही, असं त्यांनी दाखवलं. ज्यूरीच्या चर्चेत तिच्या साक्षीचा विषयसुद्धा निघाला नाही, असं एका ज्यूरी सदस्येनं नंतर सांगितलं. तिची साक्ष नीट कळली असती तर निकाल वेगळा लागला असता का, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण सहा तासांची साक्ष चर्चेत येतच नाही, आणि तिथवर येण्याचा रस्ता ‘हिला साधं व्याकरण येत नाही’ या समजुतीवरून जातो. त्या पोत्यातलं नुकसान आम्ही म्हणालो ते हे.

आता या चुकांवर लिहिणाऱ्यांकडे वळू. लिन ट्रस या ब्रिटिश लेखिकेचं ‘ईट्स, शूट्स अँड लीव्ह्ज’ हे विरामचिन्हांवरचं पुस्तक २००३ साली आलं आणि तुफान खपलं. पुस्तक वाचनीय आहे, विनोद खुसखुशीत आहे, आणि विरामचिन्हांचा इतिहास तिनं प्रेमानं सांगितला आहे. आमची तक्रार तिच्या सुराबद्दल आहे. ‘इट्स’ चुकवणाऱ्यावर वीज कोसळावी, अशा धाटणीची तिची थट्टा असते. पुस्तकाच्या उपशीर्षकातच शून्य सहनशीलतेची घोषणा आहे. वाचक हसतो, पण हसताना तो एका पंगतीत जाऊन बसतो, आणि ‘ज्यांना येत नाही ते’ बाहेर राहतात. पुढच्या वर्षी लुई मेनंड यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं, आणि विरामचिन्हाची पहिली चूक अर्पणपत्रिकेतच आहे, एक स्वल्पविराम राहिलाय, हे दाखवून दिलं. इतरांच्या चुका दाखवणाऱ्या लेखनात स्वतःची एक चूक राहतेच, या अनुभवाला इंग्रजीत मुद्दाम स्पेलिंग बिघडवून ‘मफ्रीज लॉ’ म्हणतात.

जॉन रिचर्ड्स यांच्याविषयी मात्र आम्हांला ममता आहे. हे निवृत्त पत्रकार. लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावी त्यांनी २००१ साली अपॉस्ट्रॉफी संरक्षण मंडळ काढलं. भाजीवाल्यानं ‘टोमॅटोज’मध्ये अपॉस्ट्रॉफी घुसवला की ते सभ्य भाषेत पत्र लिहीत. त्यांनी कोणावर वीज पाडली नाही. २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांनी मंडळ बंद केलं. अज्ञान आणि आळस जिंकले, असं त्यांचं म्हणणं होतं. निष्कर्ष आम्हांला पटत नाही. भाजीवाला आळशी कसा? एक चिन्ह जास्तीचं घालायला कष्टच पडतात. नीट लिहावं ही त्याची धडपड त्या चिन्हात दिसते.

सुराबद्दल आम्ही बोलतोय त्याला थोडा पुरावाही आहे. मिशिगन विद्यापीठातल्या ज्यूली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ८३ लोकांना, घरात सहभाडेकरू हवा आहे या जाहिरातीला आलेले ईमेल वाचायला दिले. काहींत टायपिंगच्या चुका होत्या, काहींत ‘टू’, ‘युअर’, ‘इट्स’च्या. पत्र लिहिणारा माणूस घरात घ्यायला कसा वाटतो, हे त्यांना विचारलं. ज्यांच्या स्वभावात इतरांशी जुळवून घेणं कमी, त्यांना ‘युअर’-‘इट्स’च्या चुका अधिक खुपल्या. एका छोट्या प्रयोगावर फार मोठी इमारत बांधू नये. पण चुकीवर चिडताना आपण भाषेविषयी बोलतोय की स्वतःविषयी, एवढं स्वतःला विचारायला तो पुरेसा आहे.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. मग नियम सोडूनच द्यायचे का? नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात जादा कामाच्या मोबदल्याविषयी एक कायदा होता. नाशवंत खाद्यपदार्थांच्या कोणत्या कामांना जादा मोबदला मिळणार नाही, त्यांची त्यात यादी होती, आणि तिच्या शेवटी होतं: पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी. ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग ‘वितरण’ हे वेगळं काम, की ‘वितरणासाठी बांधणी’ हे एकच काम? ओकहर्स्ट या डेअरीचे चालक माल पोचवत होते, बांधत नव्हते. २०१७ साली अपील न्यायालयानं चालकांच्या बाजूनं कौल दिला, आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एक स्वल्पविराम!

मग कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं? प्लेटोच्या ‘फिड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी एक तक्रार करतो. लिहिलेला शब्द बापापासून दुरावलेल्या पोरासारखा असतो. त्याला प्रश्न विचारला तर तो उत्तर देत नाही, त्याच्यावर अन्याय झाला तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. कायदा, करार, औषधाच्या बाटलीवरची सूचना, प्रबंध, हे असे अनाथ मजकूर आहेत. लिहिणारा शेजारी नसताना त्यांना उभं राहायचं असतं. तिथे प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे पोराच्या हातात दिलेली शिदोरी आहे. पण इंटरनेटवरचं बरंचसं लेखन हे बोटांनी केलेलं बोलणं आहे. बाप तिथेच बसलेला असतो. ‘तुला काय म्हणायचंय?’ विचारलं की पुढच्या मिनिटाला उत्तर येतं. त्या बोलण्याला कायद्याच्या कलमाची शिस्त लावणं म्हणजे चावडीवरच्या गप्पांना सभेचं इतिवृत्त समजणं.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण त्याशिवाय हे व्याख्यान अप्रामाणिक ठरेल. आमच्या पीएच.डी.च्या प्रबंधाला एक परीक्षक इंग्लंडमधले होते. त्यांचा टाइप केलेला अहवाल आला. त्यात ‘इट्स’ तीन ठिकाणी चुकलेलं होतं. आम्ही तो कागद मित्रांना दाखवत फिरलो. साहेबाचं इंग्रजी आम्ही पकडलं! त्याच अहवालात आमच्या चौथ्या प्रकरणावर एक आक्षेप होता: कृतीमागचा हेतू आणि कृतीचं कारण यांत लेखकानं गल्लत केली आहे. तो आम्ही धड वाचलाच नाही. ज्याला अपॉस्ट्रॉफी कळत नाही त्याला हेतू काय कळणार, असं मनात होतं. पदवी मिळाली. सहा-सात वर्षांनी त्याच विषयावर शिकवायची वेळ आली तेव्हा तो कागद पुन्हा काढला. आक्षेप शंभर टक्के बरोबर होता. त्या तीन अपॉस्ट्रॉफींच्या आड आम्ही सहा-सात वर्षं लपून बसलो होतो.

म्हणून त्या श्रोत्यांच्या ‘बरं वाटलं’ या शब्दांनी आम्हांला अस्वस्थ केलं. ते वाटणं आमच्या ओळखीचं आहे.

आणि हे तिन्ही प्रकार आपल्या घरातही आहेत. ‘आणि’ ऱ्हस्व, ‘पाणी’ दीर्घ. कानाला दोन्हींचा शेवट सारखाच लागतो, म्हणून जन्मानं मराठी असलेला माणूसही ‘आणी’ लिहितो. ती आपली ‘युअर’ची चूक. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी ‘कवि’ ऱ्हस्व लिहीत, नंतर ‘कवी’ झाला. म्हणजे जुने छापील ग्रंथ आजच्या मापानं चुकलेले. आणि वऱ्हाडातलं मूल वर्गात ‘पानी’ म्हणालं की मागच्या बाकावर खसखस पिकते, ती आपली ‘अ‍ॅक्स’ची गोष्ट. त्या मुलाला प्रमाण मराठी जरूर शिकवावी. त्याला तिची गरज पडणार आहे, तिच्यामुळे दारं उघडतात. पण ‘तू चुकतोस’ म्हणून शिकवणं आणि ‘तुझ्याकडे एक आहे, ही दुसरी घे’ म्हणून शिकवणं, यांत त्या मुलाच्या तोंड उघडण्याचा किंवा कायमचं मिटण्याचा फरक आहे.

श्रोत्यांना आम्ही यादी परत पाठवली आहे. प्रत्येक नोंदीपुढे एक, दोन किंवा तीन असा आकडा घातलाय. तीन आकड्याच्या नोंदींपुढची उद्गारचिन्हं तेवढी खोडली आहेत. बाकी यादी त्यांची आहे, त्यांच्याकडेच असू द्यावी.

इथं थांबतो.